थंड पाणी, मीठ

रक्ताच्या डागाला गरम पाणी लावायचं नाही.
हे मला टेकबहादूरनं शिकवलं, अकरा वर्षांपूर्वी,
सोहारच्या या लाँड्रीत, पहिल्याच आठवड्यात.
गरम पाण्यानं डाग शिजतो, म्हणाला,
आणि कापडात घर करतो.
थंड पाणी, मूठभर मीठ. घाई नाही.

सर्दी उतरून आठ दिवस झाले होते.
खोकला मात्र जायचं नाव काढीना.
पहाटे बेसिनवर वाकलो तर बेडक्यात
एक लाल धागा,
शिवणीतून सुटावा तसा.
नळ सोडला. धागा गेला.
मग पुन्हा खोकलो, मुद्दाम, पाहायला.

खोलीत आम्ही सहाजण. कुणाला सांगू?
कुंजुमोन ऐकता ऐकता पलंग सरकवेल.
हबीबूर दुआ करील, आणि मालकाच्या मेव्हण्यालाही कळवील.
हर्णैत आमच्या आळीत तो शब्द कुणी घेत नसे.
'त्या घरात खोकला आहे' एवढंच म्हणत
आणि त्या घरच्यांचा पेला वेगळा ठेवत.
इथे त्या शब्दाचा अर्थ आणखी सोपा:
विमानाचं तिकीट, एकाच बाजूचं.

डॉक्टर इल्हाम सुदानच्या. त्यांची उर्दू
माझ्या अरबीइतकीच लंगडी,
एकमेकींचा हात धरून चालल्या दोघी.
किती आलं? चमचाभर?
नाही, धागा.
नाकातून घशात उतरलं असेल? एसीखाली झोपतोस?
हिरड्यांतून?
पोटरी सुजली आहे? श्वास घेताना टोचतं?
ताप?
रात्री घाम?
मी हसलो. ऑगस्टात, बाई,
दिवसभर इस्त्रीच्या वाफेत राहून
सहाजणांच्या खोलीत ज्याला घाम येत नाही
त्याला तपासा.
त्या हसल्या नाहीत.
चादर पिळावी लागेल इतका?
वजन?
मी पट्टा दाखवला. खिळ्यानं पाडलेलं नवं भोक.
ते रमजानात पाडलं की नंतर, आठवेना.
सिगारेट?
होती. म्हणजे, आहे.

सर्दीनंतर बहुतेकांचं एवढंच असतं, म्हणाल्या,
खोकून खोकून श्वासनळी सोलवटते,
केसाएवढी नस फुटते, आपोआप भरून येते.
बहुतेकांचं.
त्या शब्दात किती माणसं मावतात
आणि दाराबाहेर किती उरतात
हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

यंत्राला छाती लावून उभा राहिलो.
दर दोन वर्षांनी राहतोच, व्हिसासाठी.
श्वास घ्या. रोखा.
माझ्या लग्नाचे नसतील
एवढे फोटो या छातीचे निघाले.
आधीचे सगळे पास.
या वेळी डॉक्टरांनी काचेवर लावून बोट टेकवलं,
डावीकडे, वर, धुक्यासारखं काही.
जुनी खूण असेल. नसेलही.
तीन सकाळी तीन बाटल्यांत बेडका आणून दे,
आणि चमचाभर आलं
तर सकाळची वाट पाहू नकोस.

आज दुसरी बाटली दिली.
रुकय्याचा फोन आला. आवाज बसलाय तुमचा?
सर्दी, म्हटलं.
आलं घाला चहात, म्हणाली, आणि मुलाची फी सांगितली.

दुपारच्या गठ्ठ्यात उशीचा एक अभ्रा,
बिल्ला चारशे सतरा.
कोपऱ्यात तपकिरी ठिपका, घरी कुणीतरी
गरम पाण्यानं धुवून पाहिलेला. शिजलेला.
उजेडात धरून मी उभाच राहिलो.
टाक मशीनमध्ये, मालकाचा मेव्हणा ओरडला.
मी बादली घेतली. मीठ घेतलं.
निघणार नाही, ठाऊक होतं.

चारशे सतरा उद्या संध्याकाळी येईल.
कुठल्या भाषेत विचारायचं ते जुळवतोय:
सर्दी झाली होती का?
किती दिवस झाले?