महिरपी कंसात

तार्तूत जानेवारीचा दिवस साडेतीनलाच मिटायला लागतो.
उर्वे कालास्ते दुसरा दिवा लावते,
कॉफीच्या कपावर बशी उपडी घालते
आणि मागच्या वर्षीची ती ओळ पुन्हा उघडते.

ओळ साधी होती. पत्ता.
रस्ता, घर क्रमांक, दाराचा कोड.
सगळ्यात वर लिहिलेला, चव्हाट्यावर,
कुठल्याही फंक्शनचा हात पोचेल असा.
वाईट हेतू नव्हता कुणाचा, घाई होती.
मग एका फंक्शनने चूक नोंदवताना
हाताशी होतं ते सगळं छापलं,
ती नोंद कुणी कुणाला पाठवली,
आणि एका गुरुवारी आश्रयघराच्या फाटकाशी
एक माणूस येऊन उभा राहिला, फुलं घेऊन.
फुलं होती, हे उर्वे दर वेळी सांगते.
त्या रात्री सात बायका, चार मुलं
बर्फातून दुसरीकडे हलवली.
एका मुलीचा एक बूट मागे राहिला.

आता ती नव्याने लिहिते आहे.
एक बाहेरचं फंक्शन, त्याच्या पोटात पत्ता,
पत्त्याच्या शेजारीच जन्मलेली दोन छोटी फंक्शनं :
एक गाडी पाठवतं,
दुसरं विचारलं तर 'पोचलं' म्हणतं,
नाहीतर काहीच म्हणत नाही.
दोघं बाहेर पडतात आणि बाहेरचं संपतं.
संपतं म्हणजे संपतंच.
पुन्हा हाक मारलीत तर नवं घर उभं राहील,
ते नाही.

"मग पत्ता राहतो कुठे?" नवा पोरगा तावेत विचारतो.
"त्या दोघांपाशी."
"पण दिसत तर नाही."
"तुला दिसत नाही.
तू कुठून हाक मारलीस, त्यांच्या लेखी शून्य.
कुठे लिहिले गेलो, तेवढं ती विसरत नाहीत."
ती खिडकीवर टिचकी मारते.
जुन्या घराची दुहेरी तावदानं,
मधल्या फटीत कुणी शेवाळ भरलंय, वर लाल बोरांसारखी फळं ठेवलीत.
आतून रस्ता दिसतो.
रस्त्यावरून दिसतो फक्त दिवा.

माझ्या भाषेत या चिन्हाला कंस म्हणतात, मी सांगतो,
आणि ह्या वळणदाराला महिरपी कंस.
कंस एक राजाही होता,
ज्याच्यापासून मूल लपवून नदीपार न्यावं लागलं.
उर्वे बोट कीबोर्डवरच ठेवून ऐकते.
"आणि तुम्ही मूल त्याच्याच पोटात लपवता?"
हो, म्हणतो मी. आज पहिल्यांदाच लक्षात आलं.

तावेत गप्प बसणाऱ्यातला नाही.
"यंत्रच ज्याच्या ताब्यात आहे, त्याचं काय?"
"तो उपसून काढेल. ही तिजोरी नाही.
कुलपं वेगळी, ती मी दुसरीकडे घातलीत.
इथे मी फक्त
चुकून उघडणारी तोंडं कमी करते आहे."
बशी उचलते. कॉफी गार.

नवा पत्ता आश्रयघराच्या हेल्दीने स्वतः येऊन भरला.
तेवढा वेळ उर्वे पाठ करून उभी होती,
एमायोगीवरचा बर्फ बघत,
त्यांच्या बोलीत तिचं नाव आई-नदी.
तेव्हा तिलाही ठाऊक नाही. मला तर नाहीच.

शेवटची चाचणी. बाहेरून ती थेट पत्ता मागते.
पडदा सांगतो : असं नाव इथे नाही.
हे वाक्य तिने मोठ्याने वाचलं, दोनदा.

मग टेबलाखालून तिने बूट काढला,
निळा, अठ्ठावीस नंबर, वर्षभर हीटरजवळ ठेवलेला,
पिशवीत घातला, आणि पहिल्या फंक्शनला हाक मारली.
गाडी आली. ड्रायव्हर काही बोलला नाही.
आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो,
तावेत नखं खात.

सव्वा सहाला एकच शब्द उमटला.
पोचलं.
कुठे, ते कुणीच विचारलं नाही.
एवढ्या वर्षांत तिचा पाय वाढला असेल, उर्वे म्हणाली,
एकच वर्ष झालंय, मी म्हणालो.