देवमाशाला सर्दी झाली

विट्याहून लेंगऱ्याकडे जाताना डावीकडे आमची शाळा.
दोन खोल्या, एक कडुलिंब, पट सत्तावीस.
सहा वर्षं मी इंग्रजी शिकवलं
फळ्यावर उभी रेघ मारून:
इकडे शब्द, तिकडे अर्थ,
वाण्याच्या वहीतली जमा आणि नावे.
पोरं घडाघडा म्हणायची
आणि घरी जाताना सगळे शब्द
डस्टरशेजारी ठेवून जायची.

यंदा रद्दीच्या दुकानात एक पुस्तक मिळालं,
कव्हर नाही, मधलं एक पान फाटलेलं.
शनिवारी सकाळच्या शाळेत उघडलं,
अर्थ सांगायचा नाही, असं स्वतःला बजावून.

‘द व्हेल हॅड अ कोल्ड.’
आणि मी शिंकले.

पुस्तकात शिंक होती ‘आ-चू’.
“असं कोण शिंकतंय, बाई?” मुबिना मुलाणी म्हणाली.
मग ज्यानं त्यानं आपल्या घरची शिंक काढली,
आजोबांची, पत्रा हलवणारी,
चुलतीची, पदरात दाबलेली.
“केवढा असतोय हा? टेंभूच्या पायपात मावंल?”
“शेपटीचं टोक मावेल,” मी म्हटलं,
चुकून मराठीत.

मागच्या भिंतीशी रेवण.
वडील केरळात, गलाईच्या दुकानात,
तिसरीपर्यंत तोही तिकडेच शिकला.
जूनपासून इथं हजेरीला नुसतं बोट वर करायचा.
तो हळूच म्हणाला, “तिमिंगलम्.”
सव्वीस माना वळल्या.
“तिकडं असं म्हणत्यात. मी बघितलाय.
वाळूत पडल्याला.”

त्या दिवशी देवमाशाला तीन नावं झाली.
त्यातलं एक मी शिकले.

चार शनिवार तेच पुस्तक.
पाचव्याला पोरंच वाचत होती,
मी फक्त पानं उलटायची,
थेट शेवटापर्यंत: ‘नाउ द व्हेल हॅज अ फ्रेंड.’
काळ कुठला, कुणी विचारलं नाही,
मीही विषय काढला नाही.

परवा म्हटलं, आपापलं एक वाक्य लिहा.
कुणी शेळीला सर्दी लावली, कुणी हेडमास्तरांना.
रेवणनं एवढंच विचारलं,
खोकल्याला काय म्हणायचं.
मग लिहिलं, ‘माय पप्पा हॅज अ कफ.’
मी सवयीनं लाल पेन काढलं,
आपली गोष्ट ‘हॅड’ची आहे म्हणून.
त्यानं वही छातीशी धरली.
“न्हाई बाई. आजून हाय.
रात्री फोनवर ऐकला.”

पेनाचं टोपण लावायला मला जरा वेळ लागला.

“पर तो मासा बरा कशानं झाला?”
नेमकं तेच पान फाटलंय.

येत्या शनिवारी ते पान आम्ही लिहिणार आहोत.
मुबिना म्हणते, हळद घालून दूध,
मग हिशेब निघाला,
सांगलीचं अख्खं मार्केट यार्ड रिकामं करावं लागेल.
सगळे हसले.
रेवण हसला नाही.
तो म्हणाला, “आदी धूर बंद कराय पायजे.”