तीन, तीन, दोन

मे महिना. वेसाव्यात हळद.
बोंबील सुकवायच्या बांबूंना गुंडाळलेल्या माळा
पिवळ्या, मग निळ्या, मग सगळ्या एकदम.
आमचं बेंजो पथक दमून खुर्च्यांवर,
प्लास्टिकच्या ग्लासात कोमट सोडा,
ऑक्टोपॅड वाजवून माझी मनगटं अजून गरम.
डीजे म्हणाला, ताई, आता माझी पाळी,
आणि त्यानं लावलं ते गाणं.

एक अक्षर कळलं नाही.
कुठल्या समुद्रापलीकडचा पुरुष होता कोण जाणे,
अर्धा झोपेत, उशीवरून बोलत असल्यासारखा.
चांगुणामावशी म्हणाली, "काय मांगतंय गो यो?"
आणि स्वतःच हसली, पदर तोंडाला.
कळलं होतं तिला.

मला ताल कळला.
धंद्याची खोड, आधी मोजते, मग ऐकते:
तीन. तीन. दोन.
तीन. तीन. दोन.
दोन तिनांनी पायाला लावलेली सवय
शेवटचा दोन मोडतो.
दर वेळी एक घास कमी.
दर वेळी वाटतं, आता पुरा देईल.
देत नाही.
कमरेला ते आधी समजतं,
उरलेलं ती आपल्या पदरचं घालते.

रेवनाथ बर्फाच्या कारखान्यातून थेट आलेला.
तळव्यांना तो पांढरट गारठा
जो लाद्या उचलणाऱ्यांचा रात्रीपर्यंत उतरत नाही.
त्यानं विचारलं नाही. मीही हो म्हटलं नाही.
स्पीकरच्या पुढ्यात, जिथं फासळ्या
आपल्या नसून पत्र्याच्या वाटतात,
तिथं वीतभर अंतर ठेवून उभे राहिलो,
आणि ती वीत नाचली.

हात लागला असता तर सोपं होतं.
लागला नाही.
त्याच्या गळ्यावरचा घाम कॉलरपर्यंत आला, थांबला.
मी तेवढं पाहिलं.
माझ्या मानेवर हळद वाळून तडकत होती,
मघाशी कुणीतरी थट्टेत लावलेली.

छत्तीस वर्षांची बाई मी.
लोकांच्या वराती नाचवून घर चालवलं,
अख्ख्या गल्ल्यांचे पाय हलवले या दोन काड्यांनी.
स्वतःचे, स्टँडमागे, जागच्या जागी.
वाजवणारीचे पाय कोण बघतं?

मग दहा वाजले.
हवालदार गेटपाशी आला, नुसतं घड्याळ दाखवलं.
डीजेनं आवाज कापला,
तोही दुसऱ्या तिनावर.

समुद्र केवढ्यानं ऐकू आला.
रेवनाथ म्हणाला, "काडी पडली तुमची,"
आणि वाकून दिली.
तळवा खरंच गार होता.

घरी येऊन दिवा न लावता
माठातलं पाणी प्यायले.
पेला फळीवर ठेवताना बोटं वाजलीच:
तीन. तीन.
पुढचं तसंच ठेवलं.
शनिवारी मांडव आहे, खाडीपलीकडे, मढला.
बर्फ तिथंही याच कारखान्यातून जातो.