एकोणीस अक्षरं

रात्रीचा दीड. अशोक चौकातल्या खोलीत पंखा
गरम हवाच ढवळतोय.
स्कॅनर चाळतोय पाणीपुरवठ्याचा जुना प्रोग्राम,
कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते ठरवणारा,
सीमध्ये लिहिलेला, चौदा हजार ओळी,
माथ्यावर सही : न. व्यं. मेरगू, पॉलिटेक्निक.
तीनशे बारा इशारे.

त्यातले निम्मे फुकटचे.
गल्लीत एखादं कुत्रं सावलीवरही भुंकतं, तसला हा स्कॅनर.
मी एकेक खोडत जातो.
ही ओळ गरीब आहे, हिच्या हातून काही होणार नाही.
ही कधी चालतच नाही.
ही सरांनीच बंद करून ठेवलेली, वर टीप : नंतर बघू.
सत्तावीस वर्षं झाली, सर.
आमची मात्र मेमरी मागून परत केली नाही
तर तुम्ही अर्धा मार्क कापायचात.

इम्तियाजचा फोन. काय करायलास बे अजून?
झोपलोय म्हणालो.

ओळ अकराशे सत्तेचाळीस.
इथं कुत्रं उगाच भुंकलेलं नाही.
तक्रारदाराच्या नावाला वीस घरं,
शेवटचं शून्यासाठी राखीव,
म्हणजे माणूस एकोणीस अक्षरांत बसला पाहिजे.
आणि ओतणारा कोण, तर स्ट्रकॉपी,
आंधळा भिस्ती,
मशक उपडी करतो, भांडं केवढं ते विचारत नाही.
बाजूला टीप : नाव याहून मोठं नसतं.

नसतं?
सर, तुमचंच घ्या. नरसय्या व्यंकटराजम मेरगू.
मी बोटांवर मोजलं. मावत नाही.
म्हणून न. व्यं. झालात का?

नावाला खेटून पुढचं घर आहे, हक्काचं.
तिथं शून्य असेल तर नुसतं बघायचं.
दुसरं काहीही असलं
तर अख्ख्या पेठेचा व्हॉल्व्ह तुमच्या हातात.

तपासायला एक लांब नाव हवं होतं.
खालच्या खोलीतली विडी वळणारी बाई आठवली,
कारखान्याच्या कार्डावर ल. नरसमा,
रेशनला लक्ष्मीबाई,
मतदार यादीत एकदा चक्क पुरुष.
मी तिचं पहिल्यांदा सगळं नाव टाईप केलं :
लक्ष्मीनरसम्मा व्यंकटनरसय्या बोद्दूल.
विसावं घर भरलं तेव्हा व्यंकटचा ट बाकी होता.
तो सांडला,
त्याच्यामागून अख्खा नवरा सांडला
आणि हक्काच्या घरात जाऊन बसला.
यंत्रानं अदबीनं विचारलं :
व्हॉल्व्ह उघडू?

मी बराच वेळ उत्तर दिलं नाही.

मग मोजून ओतणारी कॉपी लावली.
स्कॅनर गप्प झाला. पडद्यावर उरलं
लक्ष्मीनरसम्मा व्यंक
एवढंच. धोका संपला,
आणि बाई परत छाटली गेली,
या वेळी माझ्या हातून.

चहा केला. साखर संपली होती.
वीस खोडून एकशे अठ्ठावीस लिहिलं
तर जुन्या नोंदी उघडेनात,
प्रत्येक घर पुढं सरकलेलं.
आता चाळीस हजार माणसं एकेक उचलून
नव्या मापात ठेवायची.
ठेवायला घेतली.

चार वाजता खाली नळाला पाणी आलं, पाचव्या दिवशी.
लाईट नव्हती बोळात.
पिंपाच्या काठाआत एक बोट सोडून
ती अंधारात उभी, पाणी बोटाला लागायची वाट बघत.
लागलं, तशी ओरडली : चालु!

मराठीत ऐकणारा नवा भाडेकरू असता
तर नळ सोडूनच ठेवला असता त्यानं.
तिच्या तेलुगूत त्याचा अर्थ, पुरे.
तिच्या नातवानं तोटी फिरवली.
माझ्या पडद्यावर तेव्हा
सहाशे बारावी नोंद चालली होती,
कुणी तरी बालनरसिंहलू, पुढचं नाव कापलेलं,
ते आता कुठून आणायचं.