जुनं करायचं काम

चिठ्ठीवर लिहिलंय : पुरुष, सव्वीस. व्यवसाय : मेंढपाळ.
खाली एकच शब्द, प्रश्नचिन्हासकट : क्षय?
एर्झुरूमला मार्चमध्येही नळ गोठलेले.
रंगाच्या बाटल्या मी हीटरपाशी ठेवून
लहान लेकरांसारख्या ऊबवून घेते.

काच ठेवली. गुलाबी, जांभळं.
पहिल्या दिवसाचे ते उतावळे कुणीच नाहीत इथे,
जे धावत येतात, झुंजतात,
आणि पू होऊन वाहून जातात.
त्यांचं भांडण चार दिवसांचं.
हे बिऱ्हाड थाटून राहिलेले :
लिम्फोसाइट, मोहरी सांडावी तसे काळेभोर,
प्लाझ्मा पेशी, केंद्रक एका कडेला सरकलेलं,
आत घड्याळाची तबकडी,
काटे तेवढे नाहीत.
मधोमध गाठ. कांद्याचे पापुद्रे, एकावर एक.
फायब्रोब्लास्ट विणतच बसलेत,
पुरे झालं, असं त्यांना कुणी म्हटलेलं नाही.

पण क्षयाचा तो भुसभुशीत चोथा कुठेय?
मी दिवा मंद केला, ध्रुवणाची काच फिरवली.
अंधारात, गाठीच्या कडेकडेने,
उगवले फिकट, अणकुचीदार कण.
वाळू.

मेंढ्या राखणाऱ्याच्या छातीत?

फेरझेंदे आला बहिणीच्या खांद्यावर हात टाकून.
दोन जिने. अर्धा तास.
वाळू म्हणताच हसला.
"इस्तंबूलला, तळघरात. सोळाचा होतो.
नव्या जीनवर फवारा मारायचा,
मांड्या, गुडघे पांढुरके व्हायला हवेत,
दहा वर्षं कुणी वापरल्यासारखे.
एका पँटीला दोन मिनिटं.
जुनं करायचं काम, डॉक्टरीणबाई.
झोपायचोही तिथेच, गठ्ठ्यांवर.
पण ते सोडून आठ वर्षं झाली.
मग ही आग अजून कशाची?"

मी कागदावर एक गोल काढला.
हा मॅक्रोफेज. दिसेल ते गिळणारा.
कण गिळतो, पण पचवणार कसा?
आतली पिशवी फाटते, हा मरतो,
मरताना हाका मारतो.
कण तसाच पडलेला, कोरा, धारदार.
हाकेला दुसरा येतो,
तोच कण गिळतो.
मी तिसरा गोल काढत होते,
त्याने माझ्या हातातलं पेन धरलं.

"आमच्याकडे असंच झालं," तो म्हणाला.
"हिमवादळात एक मेंढी राहिली मागे.
शोधायला रिझगो गेला.
रिझगोला शोधायला सेव्हदिन.
सेव्हदिनला शोधायला माझा बाप.
सकाळी मेंढी आपणहून दारात उभी,
अंगावरचा बर्फ झटकत."

बहीण खिडकीबाहेर बघत होती.

"दाखवा तरी," तो म्हणाला.
डोळा लावला. बराच वेळ काही बोलला नाही.
श्वास तेवढा ऐकू येत होता,
ओल्या लाकडाच्या धुरासारखा, ज्वाळा नसलेला.
"धाब्यावर निजलं की असंच दिसायचं," म्हणाला,
मग खोकला आला
आणि चांदण्या हलल्या.

औषध विचारलं नाही त्याने.
मीच सांगत राहिले : धूर टाळा, लस घ्या,
यादीत नाव घालते, मोठ्या शहरात फुप्फुस मिळालं तर.
'क्षय'वर रेघ मारली.
पेनाने कागद थोडा फाटला.

निघताना त्याची नजर खाली गेली,
माझ्या उघड्या कोटातून दिसणाऱ्या मांडीवर.
गेल्या शरदात घेतलेली पँट,
त्या फिकट पट्ट्यापायी जास्त पैसे मोजून.
तो वाकला, जाणकारासारखा.
"कडा बघ," बहिणीला म्हणाला,
"कशी विरत विरत गेलीय. घाईत होत नाही हे.
चांगला हात होता कुणाचातरी."

मी कोटाची बटणं लावायला घेतली.
जिन्यात ते उतरत होते,
एक पायरी, खोकला,
एक पायरी.