पेपरात येते काय

वरोऱ्याच्या आयटीआयत आमची बॅच,
एकवीस पोट्टे, दोन पोरी.
आठवडाभर तार, वार्निश, स्लॉट,
छत्तीस वेढे, मग पुन्हा छत्तीस.
शनिवारचा शेवटचा तास टेंभुर्णे सरांचा;
वेळापत्रकात त्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नसे.

एकदा सरांनी खिशातून दगड काढला.
लिंबाएवढा, काळपट, पीळ पडलेला.
ओळखा, म्हणे.
कोळसा. लोखंडाचं कीट. सुकलेला आवळा.
सर म्हणाले, शेण आहे.
याच तालुक्यातल्या वावरात सापडते.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी
चार बैलबंड्या एकामागं एक लावाव्या
एवढी लांब जनावरं इथं चरत,
त्यांचं.

सगळा वर्ग हसला.
ज्याच्या हातात होतं
त्यानं पँटीला हात पुसले.

मग सर म्हणाले, कोणीतरी हे शेण फोडलं,
भिजवलं, गाळलं, भिंगाखाली धरलं,
तर आत गवत. धानाच्या भावकीतलं.
तोवर पुस्तकं सांगत होती
की त्या काळी गवत नव्हतंच.
पुस्तकं दुरुस्त करा लागली बाप्पा,
आपल्या इकडच्या शेणापायी.

अतुल निखाडे उठला : सर, पेपरात येते काय हे?
नाही येत, सर म्हणाले,
अन् बाहीवरची खडूची पूड झटकून
कपॅसिटरची आकृती काढायला वळले.
दगड माझ्याकडं राहिला.
त्यांनी मागितला नाही, मी दिला नाही.

आता फाट्यावर माझं दुकान.
तीन एचपी, पाच एचपी, साडेसात.
नवं गिऱ्हाईक विचारते, मिस्त्री कुठं गेला?
मीच, म्हटलं की
मोटर उतरवू का नको, असा चेहरा.
दगड बिलबुकावर असते,
पंख्यानं पानं उडू नये म्हणून.
आजवर त्याचा इतकाच उपयोग.

परवा तालुक्याला रोजगार मेळावा.
फ्लेक्सवर माझा फोटो, डोळे मिटलेले.
शाल, नारळ.
नागपूरचे एक साहेब पोरींना म्हणाले,
कामाचं तेवढंच शिका, बाकी ओझं.
मग माझ्याकडं वळून, ताई, दोन शब्द.

मला शब्द येत नाहीत, वेढे येतात.
पर्समध्ये हात घातला तर
बिलबुकासोबत आलेला तोच लागला.
म्हटलं, हे शेण आहे.
मांडव हसला. साहेबही हसले, घड्याळ पाहत.
मी सांगितलं सगळं, सरांसारखं नाही जमलं,
गवताच्या जागी गडबडली.

शेवटच्या रांगेतली एक, हात वर न करताच :
मंग ताई, पयलं गवत उगवलं
तवा त्याले पयले खाल्लं कोनं?
अन् त्याले कसं समजलं, हे खाची गोष्ट हाये?

मला नाही माहीत, म्हटलं.
साहेबांना विचारलं. त्यांनी माइक पुढं दिला.

रात्री लाइन साडेअकराला यायची होती,
त्याच्या आत ढवळे काकांची मोटर उभी करायची.
तार गुंडाळत होती. वीस, एकवीस,
ते जनावर मान खाली घालते,
सव्वीस,
जिभेला काहीतरी पातळ, हिरवं, कधी न लागलेलं,
थांबते,
एकतीस होते की बत्तीस?

उकललं सगळं.
पुन्हा एक.