वर जायला वीस तेत्री

आमच्या लिफ्टला वर जायचे पैसे पडतात.
खाली यायचं फुकट.
फादर इओतामना हे सांगितलं तर ते दाढीत हसले,
म्हणाले, नाझिब्रोला, माझं प्रवचन लिफ्टनंच उरकलं की.

त्बिलिसीच्या या टोकाला आमची इमारत,
गळ्यात ओले कपडे घालून उभी.
मी सातव्यावर. समोरच्या दारात
द्राक्षं उतरवायच्या दिवसांत ती आली, वासिलिसा,
कडेवर पोर, दोन बॅगा,
आणि ती भाषा.

ती भाषा मला येते.
शाळेत तिच्यात मी पहिली यायचे.
पण त्र्याण्णव साली सुखुमी सुटलं,
खिंडीतल्या बर्फात वालिकोला ठेवून
मी मामुकाचा हात धरून खाली उतरले,
तेव्हा तिला जिभेखाली पुरून टाकलं.
तीस वर्षं. शिवी द्यायलासुद्धा उकरली नाही.

तिसऱ्या-चौथ्याच्या मधल्या भिंतीवर
कुणी तरी रंगानं लिहिलं: आपल्या घरी चालते व्हा.
मी नाही लिहिलं.
पण त्या आठवड्यात जिना पुसायची पाळी माझी होती
आणि मी फडकं फक्त पायऱ्यांवरून फिरवलं.

संत बार्बाराच्या सणाची आदली संध्याकाळ.
पिशवीत दोन किलो राजमा, मुठीत एक नाणं.
लिफ्टपाशी ती. बाबागाडीत पोर खोकतंय,
तिच्या हातात बँकेचं कार्ड,
आणि आमची लिफ्ट कार्डाला ओळखत नाही.
गाडी आत गेली की दुसरं माणूस मावत नाही.
देव असाच गाठतो, बोळाच्या तोंडाशी,
उधारीवाल्या वाण्यासारखा.

नाणं टाकलं. सातचं बटण दाबलं.
तिच्याकडे न बघता जिना चढू लागले.

चौथ्याच्या अलीकडे गुडघे बोलले, थांब.
थांबले, तर समोर ती भिंत.
पहिल्यांदाच निवांत वाचली.
अक्षर वळणदार, शिकल्यासवरल्या माणसाचं.
हेच वाक्य आधी ऐकलेलं होतं मी,
एका हॉटेलात आम्हा नऊजणांना एका खोलीत ठेवलं तेव्हा,
माझ्याच भाषेत, माझ्याच माणसांकडून.
कुठलं घर, एवढंही विचारता आलं नव्हतं.

सकाळी पायपुसण्यावर कागदाची पुडी. आत वीस तेत्री.
अंगाची लाही लाही झाली.
फेडलंस? म्हणजे संपलं?
कणीक मळत बसले, ठोसे मारत,
तीही बिचारी मऊ होत गेली.
मग कोपरापर्यंत पिठाचे हात घेऊन
समोरचं दार वाजवलं.

बाळ रडतं म्हणून भांडायला आले वाटून
ती आधीच माफी मागत होती.
तिच्यामागं भिंतीवर तीच बार्बारा,
हातात तोच बुरूज, माझ्या घरी आहे तसाच.
मी तोंड उघडलं.
तीस वर्षांच्या मातीखालून एकच शब्द वर आला:
मीठ.

तिनं दिलं. पोराच्या पेल्यातून, वर बदकाचं चित्र.
जाड मीठ होतं. माझी लोबियानी खारट झाली.
अर्धी तिकडे नेऊन दिली,
तिनं खाल्ली, पाणी पीत पीत.

भिंत मी रॉकेलनं घासली.
बाकी सगळं गेलं. ‘घरी’ तेवढं निघेना.

रविवारी फादरपुढे कबूल केलं:
मीठ होतं माझ्याकडे. डबाभर.
खोटं बोललीस?
बोलले.
ते बराच वेळ गप्प. मग विचारलं,
पेला परत केलास का तिचा?

नाही अजून, म्हटलं.
रिकामा कसा द्यायचा?